सोयाबीनचे मांस आणि हिंगोलीचे ताट

मांसासारखे दिसणारे, मांसासारखे लागणारे, परंतु मांस नसलेले अन्न भारताच्या बाजारपेठेत आले असून त्याला मोठे भवितव्य आहे, असे गेली काही वर्षे उद्योगजगताकडून सातत्याने सांगण्यात येत आहे. या अन्नाचा कच्चा माल म्हणजे सोयाबीन, वाटाणा व इतर कडधान्ये यांतून वेगळे काढलेले प्रथिन. महाराष्ट्रात सोयाबीन म्हटले की मराठवाडा आणि विदर्भ डोळ्यांसमोर येतात. तेव्हा ‘सोयाबीनला नवे गिऱ्हाईक मिळाले, आता भावाची चिंता मिटली’ हा युक्तिवाद शेतकरी मेळाव्यांतून आणि प्रक्रिया उद्योगाच्या चर्चासत्रांतून हिंगोलीसारख्या जिल्ह्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागणार नाही. हा युक्तिवाद वरवर निरुपद्रवी वाटतो. वास्तविक पाहता त्याच्या आडून दोन गोष्टी बाजूला सारल्या जाण्याचा धोका आहे. एक, शेतकऱ्याची हमीभावाची मागणी आणि दुसरी, गरिबाच्या मुलाची पोटभर व सकस अन्नाची मागणी. म्हणून या नव्या बाजारपेठेचा हिशेब कार्यकर्त्यांनी मोंढ्याच्या काट्यावरच मांडून पाहिला पाहिजे.

शेत प्रथिनांचे, घर टंचाईचे

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा आहे : हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११ लाख ७७ हजार. त्यांपैकी दर शंभरातले सुमारे पंच्याऐंशी लोक खेड्यांत राहणारे. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतला हा मुलूख एके काळी खरीप ज्वारी, मूग, उडीद, तूर आणि कापूस यांचा होता. आज वसमतची हळद देशभर प्रसिद्ध आहे. पण जिल्ह्याच्या खरिपाचे निम्म्याहून अधिक क्षेत्र एकट्या सोयाबीनने व्यापले आहे.

हा पालट एका रात्रीत झाला नाही आणि शेतकऱ्याच्या हट्टानेही झाला नाही. नव्वद ते शंभर दिवसांत निघणारे, दसरा-दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा हाती देणारे आणि मागून रब्बीसाठी रान मोकळे करणारे हे पीक कोरडवाहू शेतकऱ्याला सोयीचे वाटले. ज्वारीच्या कणसावर पाखरे, कापसावर बोंडअळी, मुगावर ऐन काढणीत पाऊस. त्या मानाने सोयाबीन कमी मजुरीत उरकणारे. परंतु या सोयीची एक किंमत होती आणि ती ताटात मोजावी लागली. ज्वारी माणसाला भाकरी आणि गुराला कडबा देत असे. मूग-उडीद विकून उरलेला डाळीसाठी घरातच राहत असे. सोयाबीन मात्र खळ्यावरून थेट मोंढ्यात जाते. कच्चे सोयाबीन माणसाला पचत नाही. योग्य उष्णतेची प्रक्रिया झाल्याशिवाय ते खाण्याजोगे होत नाही. त्यामुळे मराठवाड्यातील मुख्य खरीप पिकांत कापसाखेरीज हेच एक पीक असे आहे की जे पिकवणाऱ्याच्या चुलीपर्यंत पोहोचत नाही.

या दाण्यात शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिन आणि अठरा-वीस तेल असते. म्हणजे हिंगोलीची शेते दरवर्षी प्रथिनांचे डोंगर उभे करतात. आणि याच राज्यातील मुलांची स्थिती काय आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ मुले वजनाने कमी होती. रक्तक्षय असलेली मुले तर शंभरात ६८ हून अधिक. प्रथिनांचा तुटवडा हे कुपोषणाचे एकमेव कारण नव्हे, पण महत्त्वाचे कारण निश्चित आहे. प्रथिन पिकवणारा प्रदेश आणि प्रथिनाला पारखी झालेली मुले ही विसंगती ज्या अर्थव्यवस्थेत सहज खपते, त्या अर्थव्यवस्थेतच ‘वनस्पतिजन्य मांसा’चा विचार करावयाचा आहे.

शहरातले पाकीट

या धंद्याची जागतिक कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील ‘बियाँड मीट’ या कंपनीचे समभाग मे २०१९ मध्ये २५ डॉलरला विक्रीस निघाले आणि तीन महिन्यांच्या आत २३० डॉलरच्या वर गेले. हवामानबदल, पशुपालनातून होणारे प्रदूषण आणि प्राण्यांवरील क्रौर्य या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एका पाकिटात सापडले, असा तेव्हाचा गाजावाजा होता. पुढे गिऱ्हाइकांनी पाकीट एकदा-दोनदा कुतूहलाने घेतले आणि बहुतेकांनी पुन्हा घेतले नाही. कारण ते खऱ्या मांसाहून महाग होते आणि चवीला त्याची बरोबरी करीत नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच समभागाचा भाव एका डॉलरच्याही खाली उतरला होता. प्रश्न खरे होते. पण भांडवलबाजाराला त्या प्रश्नांपेक्षा चढत्या भावाचे आकर्षण अधिक होते, हे यावरून उघड झाले.

भारतातही २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत अशीच लाट आली. मुंबईच्या ‘ब्लू ट्राइब’मध्ये क्रिकेटपटू विराट कोहली आणि अभिनेत्री अनुष्का शर्मा यांनी पैसे गुंतवले. टाटा आणि आयटीसी या बड्या घराण्यांनी आपापली पाकिटे बाजारात आणली. महाराष्ट्राच्या दृष्टीने लक्षणीय उदाहरण ‘इमॅजिन मीट्स’चे. रितेश आणि जिनिलिया देशमुख यांनी २०२१ मध्ये ही कंपनी सुरू केली, ती एडीएम या अमेरिकी धान्यव्यापारी कंपनीच्या सहकार्याने. रितेश देशमुख हे लातूरजवळच्या बाभळगावच्या विलासराव देशमुखांचे चिरंजीव. आणि लातूर ही मराठवाड्याची सोयाबीनची मोठी बाजारपेठ. मराठवाड्याच्या मातीतला माणूस, मराठवाड्याचे पीक आणि धान्यव्यापारातील जागतिक कंपनी हे सर्व येथे एकत्र आले होते. तरीही या पाकिटांचे गिऱ्हाईक लातूर-हिंगोलीचे नव्हते. ते मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर येथील शीतकपाटवाल्या दुकानांत जाणारे होते.

येथे कोणाच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. प्राण्यांविषयीची करुणा हा काही थट्टेचा विषय नव्हे, आणि पशुपालनाचा पर्यावरणावरील बोजा हाही खोटा नाही. प्रश्न हेतूचा नसून बाजाराच्या रचनेचा आहे. ज्या वस्तूला कारखान्यापासून गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत गोठणबिंदूखालील साखळी लागते, ती वस्तू ज्या गावात उन्हाळ्यात भारनियमनाचा वेळ पाहून पिठाची गिरणी चालते तेथे पोहोचू शकत नाही.

चार रुपयांचे तीनशे रुपये

आता हिशेब पाहू. शहरात मिळणाऱ्या अशा गोठवलेल्या मांसपर्यायाच्या पाव किलोच्या पाकिटाची किंमत तीनशे रुपयांच्या आसपास धरू. त्यात शंभर ग्रॅममागे सोळा ग्रॅम प्रथिन धरले तर पाकिटात एकंदर चाळीस ग्रॅम प्रथिन भरते. एवढे प्रथिन शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये असते. मोंढ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला ४,२०० रुपये असेल तर शंभर ग्रॅमचे चार रुपये वीस पैसे होतात. म्हणजे गिऱ्हाइकाने मोजलेल्या तीनशे रुपयांतून शेतकऱ्याच्या पदरात शेकडा दीड रुपयाही पडत नाही. बाकीचे प्रथिन वेगळे काढण्यात, सुगंधी द्रव्यांत, गोठवण्यात, वेष्टनात, जाहिरातीत आणि नफ्यात जातात.

समजा, उद्या सोयाबीनचा भाव दुप्पट झाला. पाकिटाच्या किमतीत त्याने चार रुपयांचा फरक पडेल. याचा अर्थ असा की, शेतकऱ्याला रास्त भाव देणे या उद्योगाला मुळीच जड नाही. आणि तो न देण्यानेही त्याचे काही अडत नाही. ज्या खरेदीदाराला कच्च्या मालाच्या भावाची पर्वाच नाही, तो त्या भावाचा तारणहार कसा होणार?

सोयाबीनच्या शेतकऱ्याचे खरे गिऱ्हाईक दुसरेच आहे आणि ते ओळखल्याशिवाय या प्रश्नाचा उलगडा होणार नाही. एक क्विंटल सोयाबीन गाळले की सुमारे अठरा किलो तेल आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड निघते. ही पेंड प्रामुख्याने कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे ज्या ब्रॉयलर कोंबडीला पर्याय म्हणून सोयाबीनचे मांस पुढे केले जाते, ती कोंबडीच सोयाबीनची सर्वांत मोठी ग्राहक आहे! शेतकऱ्याचा भाव ठरतो तो पेंडीच्या आणि तेलाच्या बाजारात. शहरातल्या शीतकपाटात नव्हे.

२०२१ साली हे स्वच्छ दिसून आले. त्या वर्षीच्या पावसाळ्यात सोयाबीनने क्विंटलला दहा हजार रुपयांचा टप्पा गाठला होता. त्या वेळी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरात माल शिल्लक नव्हता. तेजीचा लाभ साठेबाजाला झाला. ऑगस्टमध्ये कुक्कुटपालन उद्योगाच्या आग्रहावरून केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा दिली. हंगामाची आवक हे एक कारण होतेच, पण नवे पीक मोंढ्यात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आले. डिसेंबरमध्ये सोयाबीनच्या वायदे व्यवहारांवरही बंदी आली. ज्या पिकाच्या जनुकीय वाणाचे बी येथील शेतकऱ्याला पेरता येत नाही, त्याच वाणाची परदेशी पेंड त्याच्या भावावर आणून ओतली गेली.

त्यानंतरची वर्षे मंदीची गेली. २०२४-२५ च्या हंगामासाठी हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला असताना मोंढ्यात चार-सव्वाचार हजारांनी माल गेला. मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा स्वस्त खाद्य म्हणून बाजारात आला आणि पेंडीची मागणी आणखी घटली. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सत्ताधारी आघाडीच्या प्रचारसभांतून सोयाबीनला सहा हजार रुपये भाव देण्याचे अभिवचन दिले गेले. सरकारी खरेदी त्या हंगामात राज्यात सुमारे ११ लाख टनांपर्यंत गेली, हे मान्य केले पाहिजे. परंतु एकंदर पिकाच्या मानाने ती थोडीच होती, आणि ओलाव्याच्या अटी, बारदान्याची टंचाई व केंद्रावरील रांगा यांना कंटाळून गरजू शेतकऱ्याने आडत्याचीच वाट धरली. ओलाव्याची मर्यादा बारावरून पंधरा टक्क्यांवर आणली गेली ती खरेदी सुरू होऊन बराच काळ लोटल्यानंतर. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर उतरवण्यात आले. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये झाला; पण सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने हिंगोलीसह मराठवाड्यातले उभे सोयाबीन पाण्यात गेले. दोन एकरांच्या शेतकऱ्याला एकरी पाच क्विंटल पीक आले आणि क्विंटलमागे आठशे रुपये कमी मिळाले, तर एका हंगामात आठ हजार रुपयांची खोट बसते. या आठ हजारांची भरपाई शहरातल्या कोणत्याही नव्या पाकिटातून होणारी नाही.

गरिबाघरचा जुना पर्याय

मांसाला पर्याय शोधण्याचे काम कंपन्यांनी प्रथम केले, असेही नाही. मराठी स्वयंपाकघराने ते केव्हाच केले आहे. जुन्नर-नगरकडची मासवडी, विदर्भातला पाटवडीचा रस्सा, खानदेशची शेवभाजी, ठिकठिकाणची गोळ्यांची आमटी. हे सारे पदार्थ मटणाच्या मसाल्यात, मटणाच्या तिखटात, पण बेसनावर वा डाळीवर उभे राहिलेले आहेत. नर्सी नामदेव हे हिंगोली जिल्ह्यातलेच गाव. तेथल्या परंपरेत वाढलेल्या माळकरी घरांना झणझणीत रश्शाची हौस नसते, असे कोण म्हणेल? आणि ज्या घरात मटण खाण्यास आडकाठी नव्हती, पण आठवडी बाजारात पैसे पुरत नव्हते, त्या घरातही हेच पदार्थ कामी आले.

सोयाबीनची वडी ही याच मालिकेतली पुढची कडी. तेल काढून घेतलेल्या सोयापिठाला यंत्रात उष्णता आणि दाब देऊन ती तंतुमय केली जाते. १९७० च्या दशकात उत्तर भारतात तिचे उत्पादन सुरू झाले आणि पुढे ती देशभर पसरली. तिच्यात निम्म्याहून अधिक प्रथिन असते, ती वर्षभर टिकते, तिला शीतकपाट लागत नाही आणि किलोला दीडशेच्या आसपास रुपयांत ती किराणा दुकानात मिळते. वसतिगृहांत, खानावळींत आणि लग्नाच्या पंगतींत काळ्या मसाल्यात शिजवलेली सोयावडी आज सर्वांच्या ओळखीची आहे. वनस्पतिजन्य मांसाची बाजारपेठ भारतात ‘निर्माण व्हावयाची’ नाही. ती जुनीच आहे, फक्त गरिबांची असल्याने भांडवलबाजाराला ती दिसत नाही. सरकारलाही ती उशिरा दिसली. या वडीवर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. मुलाच्या ताटातल्या प्रथिनावर मुळात कर का असावा, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

येथेही शेतकऱ्याच्या वाट्याचा हिशेब करून पाहावा. किलोभर वडीत पाचशे ग्रॅमहून थोडे अधिक प्रथिन असते. त्यासाठी सव्वा किलोहून किंचित अधिक सोयाबीन लागते. त्याची किंमत मोंढ्याच्या भावाने पंचावन्न रुपयांच्या घरात जाते, आणि त्यातून निघालेले तेल वेगळे विकले जाते. शंभरातले दीड रुपये आणि दीडशेतले पंचावन्न रुपये हा दोन बाजारपेठांतला फरक आहे.

पर्याय आणि सक्ती

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. वनस्पतिजन्य प्रथिनाचे समर्थन करताना ते मांस-अंड्यांवरील बंदीचे समर्थन होऊ लागते, तेव्हा समाजवादी कार्यकर्त्याने तेथेच थांबले पाहिजे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील दर शंभरातले ८३ पुरुष आणि ७० स्त्रिया कमीअधिक प्रमाणात मासे वा मांस खात असल्याचे आढळले. ‘भारत हा शाकाहारी देश आहे’ हे मूठभरांच्या आहाराला साऱ्या देशाचा आहार ठरवण्याचे राजकारण आहे.

महाराष्ट्रात मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल व वळू यांनाही लागू झाला. त्यापूर्वी बैलाचे मांस हे दलित आणि मुस्लिम कष्टकऱ्यांचे सर्वांत स्वस्त प्रथिन होते. भाकड व म्हाताऱ्या जनावराला बाजारात मिळणारे चार पैसे हा कोरडवाहू शेतकऱ्याचाही आधार होता. एका कायद्याने दोघांचेही नुकसान झाले. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात केली आहे. ज्या समाजाला ताज्या मांसाचा चांगला वाटा कधी मिळालाच नाही, त्याने जे मिळाले त्यातून चव आणि पोषण कसे उभे केले, हे ते पुस्तक सांगते. अशा समाजाला ‘आता तुम्ही सोयाबीन खा’ असे वरून सांगणे हा उर्मटपणा आहे. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली पिढी मराठवाड्यात अजून आहे. पोट भरले, पण तिची आठवण कोणी प्रेमाने काढीत नाही. कारण तीत निवड नव्हती, नाइलाज होता.

शालेय पोषण आहारातील अंड्याचे प्रकरण याच पठडीतले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने मुलांना आठवड्यातून एक अंडे आणि जे खात नाहीत त्यांना केळे देण्याचा निर्णय घेतला. त्याला धार्मिक संघटनांचा विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचा निधी बंद केला आणि शाळांना लोकसहभागातून अंडी मिळवण्यास सुचवले. ज्या वस्तीत लोकांनाच अंडे परवडत नाही, तेथे लोकसहभागातून अंडे येणार कोठून? कळमनुरी आणि औंढा परिसरातील आंध आदिवासींच्या वाड्यांवर हा प्रश्न जाऊन विचारावा. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रतीचे प्रथिन असते. ते काढून घेणाऱ्यांनी सोयाबीनचा दाखला देऊ नये. मागणी ‘अंड्याऐवजी सोयाबीन’ अशी नसून ‘अंडेही आणि सोयाबीनही’ अशी आहे.

सार्वजनिक ताटाची बाजारपेठ

मग हिंगोलीच्या दृष्टीने वनस्पतिजन्य प्रथिनाला खरी बाजारपेठ कोठे आहे? ती शाळेच्या, अंगणवाडीच्या आणि आश्रमशाळेच्या ताटात आहे. शालेय पोषण आहाराच्या निकषांप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलाला रोज १२ ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला २० ग्रॅम प्रथिन मिळावयास हवे. २०२४ मध्ये राज्याने ठरवलेल्या पाककृतींत सोयाबीन पुलावाचा समावेश आहेच. वीस ग्रॅम सोयावडीतून दहा ग्रॅम प्रथिन मिळते आणि त्याचा खर्च तीन रुपयांच्या घरात येतो. गिऱ्हाईक ठरलेले, पाककृती ठरलेली, कच्चा माल गावात. उणीव आहे ती एकाच गोष्टीची : या दोन टोकांच्या मध्ये शेतकऱ्यांच्या आणि स्त्रियांच्या मालकीचा कारखाना नाही.

सोयाबीन जिल्ह्यातून ट्रकने बाहेर जाते, दूरच्या कारखान्यात गाळले जाते आणि वडी, तेल व पेंड होऊन चढ्या भावाने परत येते. उसाच्या बाबतीत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी हे चक्र मोडले. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून प्रवरेला जे घडले त्याचे लोण हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या पूर्णा कारखान्यापर्यंत पोहोचले. सहकाराचा पुढे अनेक ठिकाणी ‘स्वाहाकार’ झाला, हे कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. परंतु कोरडवाहू पिकांच्या नशिबी तो बिघडलेला सहकारही आला नाही. सोयावडीचा कारखाना साखर कारखान्याच्या मानाने लहान असतो. तो तालुक्याच्या पातळीवर उभा राहू शकतो आणि त्यात भूमिहीनांच्या घरातील स्त्रियांना वर्षभर काम मिळू शकते.

सार्वजनिक खरेदीचा पैसा दिसला की तेथे कंत्राटदार येतो, हा महाराष्ट्राचा अनुभव आहे. अंगणवाडीच्या आहारात कंत्राटदार नसावेत आणि काम गावसमूह, बचत गट व महिला मंडळांना द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये दिला होता. तरीही बड्या पुरवठादारांना सोयीच्या अटी निविदांत येत राहिल्या. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्रातील अशा निविदा रद्द कराव्या लागल्या. तेव्हा बाजारपेठ निर्माण करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिची राखण करणे महत्त्वाचे.

आणि या बाजारपेठेची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एका मुलाला आठवड्यातून दोनदा वीस ग्रॅम वडी दिली, तर चाळीस आठवड्यांच्या शालेय वर्षात १ किलो ६०० ग्रॅम लागेल. एक लाख मुलांना १६० टन. त्यासाठी लागणारे दोनशे-सव्वादोनशे टन सोयाबीन तीन-चारशे एकरांत पिकते. राज्यातील एक कोटी मुलांचा हिशेब केला तरी मागणी वीस-बावीस हजार टनांपलीकडे जात नाही; लाखो टनांच्या पिकापुढे ती अल्पच. सारांश, शाळेच्या ताटाने मुलाचे हाड भरेल, स्त्रीला रोजगार मिळेल, गावाला कारखाना मिळेल. पण मोंढ्यातला भाव त्याने चढणार नाही. सार्वजनिक ताटाने जे साधत नाही, ते शहरातल्या पाकिटाने कसे साधेल? भाव चढेल तो हमीभावाच्या प्रत्यक्ष खरेदीने आणि तेल-पेंडीच्या आयातीवरील शुल्क शेतकऱ्याचा हंगाम पाहून ठरवल्याने. ‘प्रक्रिया उद्योग काढा, भाव आपोआप मिळेल’ असे सांगणारा मंत्री असो वा तज्ज्ञ, तो शेतकऱ्याला मूळ मागणीपासून दूर नेत आहे.

कार्य काय?

या विवेचनातून हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे चार कामे उभी राहतात. पहिले, हमीभावाला कायद्याचा आधार आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक तालुक्यात पुरेशी खरेदी केंद्रे, ही मागणी कोणत्याही नव्या उद्योगाच्या मोबदल्यात सोडावयाची नाही. दुसरे, शालेय पोषण आहारातील अंड्याचा निधी पूर्ववत करण्यासाठी शाळा व्यवस्थापन समित्या आणि ग्रामसभा यांचे ठराव मिळवावयाचे. तिसरे, शाळा, अंगणवाड्या आणि आश्रमशाळांना लागणारी सोयावडी जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या व स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडूनच घ्यावी, तिच्यावरील कर पूर्ण रद्द व्हावा आणि अशा संस्थांना यंत्रांसाठी भांडवल मिळावे, अशी मागणी करावयाची. चौथे, मूग, उडीद आणि ज्वारी यांच्याही खरेदीची हमी मागावयाची. कारण घरच्या शेतातली डाळ घरच्या ताटात परत येणे हा प्रथिनाचा सर्वांत स्वस्त पुरवठा आहे.

शहरातील सुखवस्तू माणसाने प्राण्यांविषयीच्या करुणेने तीनशे रुपयांचे पाकीट घेतले, तर त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण सेनगावच्या शेतकऱ्याच्या भावाचा आणि कळमनुरीच्या मुलाच्या आहाराचा प्रश्न त्या पाकिटावर सोपवता येणार नाही. ज्या जिल्ह्याची जमीन एवढे प्रथिन पिकवते, त्या जिल्ह्यातील एकही मूल अर्धपोटी शाळेत बसता कामा नये, ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात मोंढ्याच्या आणि शाळेच्या, दोन्ही दारांवर उभे राहावयास हवे.